दवाखान्याच्या छपरावरचं ऊन

३ फेब्रुवारी

कंपनीने दोन जाड वह्या दिल्या आहेत. एकीत दवाखान्याच्या छपरावर बसणाऱ्या सोलर पॅनेलांची रोजची नोंद करायची: सकाळी, दुपारी, संध्याकाळी मीटरचा आकडा, आणि आकडा उतरला तर शेजारच्या रकान्यात कारण. दुसरी वही पहिली भरल्यावर काढायची होती. मी आजच काढली. एकतीस वर्षं रकान्यांत लिहिलं. आता निवृत्त झालोय, तर थोडं बिनरकान्यांचं लिहून बघू म्हटलं. बायको बद्रिया म्हणाली, “लिहा, लिहा. तेवढा वेळ तरी माझ्या स्वयंपाकघरात नाक खुपसणार नाही.”

गावात चेष्टा चाललीय. तेलाबरोबर वर येणारा गॅस जाळायच्या तीन चिमण्या आमच्या बैत शनाव गावाच्या डोक्यावर आहेत, आणि त्या पेटत्या ठेवणं हेच माझं जन्मभराचं काम. तो माणूस आता उन्हावर दिवे लावणार म्हटल्यावर लोक गप्प कसे बसतील? न्हाव्याच्या दुकानात जब्बार म्हणाला, “अबू राअद, जमलं तर सूर्यालाही एक व्हॉल्व्ह बसव. ऑगस्टात जरा बारीक करता येईल.” मीही हसलो. मनात म्हटलं, बघालच. चिमण्यांच्या उजेडामुळे गावात कधी पुरता अंधार पडत नाही, पण घरातला पंखा दिवसातून नऊ तास फिरतो. उरलेला वेळ जनरेटरवाल्याची मर्जी. यात कुणीतरी हात घालायलाच हवा होता.

११ फेब्रुवारी

अठ्ठेचाळीस पॅनेलं चढली. तोंड दक्षिणेला, कल तीस अंशांचा. फिटरांनी कल चुकवला होता, तो मी पुन्हा करून घेतला. त्यांना राग आला. येऊ दे.

दवाखान्याला लागूनच उम्म फलाहचं घर. ती खाली उभी राहून बघत होती. तिने कपड्यांची दोरी ओसरीत बांधलीय. बाहेर वाळत घातलेलं पांढरं पांढरं राहत नाही म्हणते. आम्ही गडद कपडे वापरतो, प्रश्न मिटला. तिने विचारलं, “हे कुणी दिलं?” मी म्हटलं, कंपनीने. ती आत गेली.

तिचा राग मला कळतो. तिचा मुलगा फलाह एकोणीस वर्षांचा होता. कंपनीत नोकरीसाठी त्याचं नाव मीच सुचवलं होतं. भरतीच्या तपासणीत रक्त खराब निघालं आणि पुढच्या वर्षी तो गेला. त्याच्या जनाज्याला मी खांदा दिलाय. पण तिने आणि आणखी पंधरा घरांनी शहरातल्या इंतिसार नावाच्या वकीलबाईला धरून कंपनीवर खटला टाकलाय, ते मला पटत नाही. रक्त कशानेही बिघडतं. पाण्याने, युद्धातल्या जुन्या दारूगोळ्याने, नशिबाने. मी एकतीस वर्षं त्या ज्वाळेखाली उभा होतो. मला काय झालं?

२० फेब्रुवारी

उस्ताद मुहन्नद घरी आले होते. कंपनीच्या समाजकार्य विभागाचे साहेब, वय पस्तिशीच्या आत, पण बोलणं किती अदबीचं. बद्रियाने लिंबाचा काळा चहा दिला, बरोबर क्लेचा, खजूर भरलेली बिस्किटं. ते दोन तास बसले. एवढा मोठा माणूस गावाची इतकी चौकशी करतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. कुठल्या घरात कोण आहे, कोण शिकलेलं आहे, घरातले कागद कोण वाचतं, कुणाचं कुणाशी पटतं. उम्म फलाहला लिहिता-वाचता येतं का, हेही विचारलं. मी म्हटलं, नाही, फलाह वाचून दाखवायचा. त्यांनी मान हलवली आणि ते लिहून घेतलं. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं.

जाताना म्हणाले, “अबू राअद, लोकांचा आमच्यावर विश्वास नाही. तुमच्यावर आहे. तुम्ही या गावाचे इंजिनिअर.”

मी इंजिनिअर नाही, ऑपरेटर होतो. पण दुरुस्ती करायचं जिवावर आलं.

४ मार्च

आज चालू केलं. सकाळी दहाला सरकारी वीज नेहमीसारखी गेली आणि दवाखान्यात कुणाला कळलंच नाही. पंखे फिरत राहिले. फ्रीज घरघरत राहिला. नर्स सबीहा इंजेक्शन भरत होती. तिने खिडकीतून पाहिलं तर समोरच्या चहाच्या दुकानातला दिवा विझलेला. मग वर पाहिलं. मग खुर्चीवर बसली आणि रडायला लागली. अकरा वर्षं ही बाई लसींच्या बाटल्या बर्फाच्या डब्यात घालून जनरेटर असेल त्या घरी नेऊन ठेवत होती.

बायाबापड्या उगीचच दवाखान्यात येऊन बसल्या. कुणाला काही झालेलं नव्हतं. जब्बारने माझा हात हातात घेतला, म्हणाला, “माफ कर, हसलो होतो.” न्हाव्याने पैसे घेतले नाहीत.

मुलाचा, राअदचा, बगदादहून फोन आला. त्यालाही सांगितलं. साठ वर्षांच्या आयुष्यात मी विझवलं, पेटवलं, मोजलं. दिलं असं आजच काहीतरी.

१२ मार्च

उस्ताद मुहन्नद मोठी बातमी घेऊन आले. आता घरोघरी! प्रत्येक घराला दोन पॅनेलं, बॅटरी, एक पंखा, दोन दिवे. सुरुवातीला सोळा घरं. यादी पाहिली. माझं घर नाही. मला उलट बरंच वाटलं; वशिल्याने काही नको. पहिलंच नाव उम्म फलाहचं. खटलेवाल्यांची सगळी घरं यादीत आहेत. कंपनीने मनात काही ठेवलेलं नाही, याचा याहून मोठा पुरावा काय हवा?

प्रत्येक घराकडून पोचपावती घ्यायची. पावती चार पानांची. पहिल्या पानावर वस्तूंची यादी. पुढे बारीक अक्षरांत कायद्याची भाषा. मी तिथेच दुसरं पान उघडलं, ‘कामकाजामुळे झालेल्या वा होणाऱ्या सर्व परिणामांबाबत’ असं काहीतरी होतं. विचारलं, हे कशाबद्दल? ते म्हणाले, पॅनेलं बसवताना भिंतीला भोकं पडतात, छताला तडे जातात, त्याबद्दल. वकिलांना लांबण लावल्याशिवाय पगार मिळत नाही. आम्ही दोघंही हसलो. शेवटच्या पानावर साक्षीदाराची सही माझी: ‘संपूर्ण मजकूर माझ्यासमक्ष वाचून दाखवला.’

बद्रिया म्हणाली, “चष्मा लावून एकदा वाचा तरी.” म्हटलं, वाचतो.

१७ मार्च

जुम्म्याच्या नमाजानंतर घरं घेतली. नऊ झाली. लोक चहा देतात, पंखा कुठे लावायचा ते दाखवतात, मी पहिलं पान वाचतो, ते अंगठा करतात. जब्बारने पहिलं पानही वाचू दिलं नाही. म्हणाला, “तू आणलायस ना? मग सही कुठे करायची सांग.” त्याच्या आईला दमा आहे. आता ती निदान गार वाऱ्यात बसेल.

१९ मार्च

पंधरा झाली. उम्म फलाह शेवटी ठेवली होती.

ती तंदूरपाशी होती. लेक मनाल बाजूला बसून आपल्या चार महिन्यांच्या तबारकला पुठ्ठ्याने वारा घालत होती. पोरीच्या मानेवर आत्ताच घामोळं उठलंय. उम्म फलाहने कागदाला हात लावला नाही. म्हणाली, “वकीलबाईंनी बजावलंय, मला विचारल्याशिवाय कशावरही अंगठा करू नका.” मी म्हटलं, ही पावती आहे, फ्रीज घेतला तरी दुकानदार पावतीवर सही घेतो.

तिने हात पुसले. “वाचा.”

मी पहिलं पान वाचलं. दुसरं चाळत सांगितलं. मग ती म्हणाली, “यात माझ्या खटल्याबद्दल काही आहे का?”

“नाही.”

“नक्की?”

“उम्म फलाह, मी आणलाय हा कागद.”

तिने पोरीकडे पाहिलं, मग अंगठा पुढे केला. शाई मीच लावली.

तिसरं पान मी अजून वाचलेलं नाही. इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार? पण असं काही त्यात असणारच कसं? पॅनेलांचा आणि कोर्टाचा काय संबंध?

२० मार्च

सोळाच्या सोळा. फोनवर कळवलं तर उस्ताद मुहन्नद म्हणाले, “तुमचे हात सोन्याचे.” उरलेल्या घरांचं विचारलं. म्हणाले, बघू, पुढच्या टप्प्यात.

९ एप्रिल

रोजा धरून छपरावर चढणं आता झेपत नाही. पण चढावं लागतं. वीस दिवसांत आकडा सहाव्या हिश्शाने उतरलाय. पॅनेलांवर काळा चिकट थर आहे. पाण्याने जात नाही, रॉकेलचं फडकं लागतं. पश्चिमेची चिमणी गेले दोन आठवडे काळं शेपूट काढून जळतेय. ज्वाळेत वाफ पुरेशी सोडली नाही की असं होतं. माझ्या पाळीत असं झालं असतं तर मी जाब विचारला असता.

नोंदवहीत कारण काय लिहू, म्हणून उस्ताद मुहन्नदांना फोन केला. ते म्हणाले, “धूळ. वाळवंटात आणखी काय असणार?” धूळ लिहिलं.

धुळीला रॉकेल लागत नाही, हे मला माहीत आहे. पण वरच्यांनी तो अहवाल वाचून योजनाच बंद केली तर? सबीहाच्या फ्रीजचं काय?

२ मे

ईद झाली आणि समारंभही झाला. मोठे अधिकारी, कॅमेरे, लाल फीत. तेलाच्या भूमीत सूर्याची पहाट, वगैरे भाषण. मला काचेची ढाल मिळाली. सोळा घरांच्या माणसांना एका ओळीत उभं करून फोटो काढला. उम्म फलाह आली नाही.

एक गोष्ट मनातून जात नाही. सकाळी नऊपासून तिन्ही चिमण्या खाली होत्या. हातभर ज्वाळा, धूर नाही. समारंभ अकराला संपला, साडेअकराला पुन्हा भडका. तेलविहिरींचे व्हॉल्व्ह आवळले की ज्वाळा खाली येते, हे कुणालाही विचारायला नको. मी स्वतः ते चाक फिरवलंय. पण त्याने तेल कमी निघतं, म्हणून आम्ही ते कधीच केलं नाही. फलाहच्या मयताच्या दिवशी लोक विनवायला आले होते, निदान दफन होईपर्यंत तरी कमी करा म्हणून. तेव्हा पाळीवर मीच होतो. मी त्यांना सांगितलं होतं की तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही.

ढाल बद्रियाने कपाटावर ठेवलीय, भिंतीकडे तोंड करून.

१९ जून

वकीलबाई इंतिसार घरी आली. तिशीची असेल, उन्हाने चेहरा लाल झालेला. चहा घेतला नाही. सोळा कागदांच्या प्रती चटईवर पसरल्या आणि म्हणाली, “काका, सकाळी निकाल लागला. खटला फेटाळला. पान तीन, कलम सात. वाचा.”

मी चष्मा शोधायला लागलो. तो बद्रियाने आणून दिला.

‘लाभार्थी कुटुंब असे मान्य करते की वरील वस्तू स्वीकारल्याने वायुज्वलनामुळे आरोग्यास, जीवितास वा मालमत्तेस झालेल्या व भविष्यात होणाऱ्या सर्व हानीची पूर्ण भरपाई झाली असून, त्यासंबंधीचे सर्व दावे कायमचे मागे घेण्यात येत आहेत.’

मी दोनदा वाचलं.

“खाली सही कुणाची?” तिने विचारलं.

“माझी.”

“हे तुम्ही त्यांना वाचून दाखवलं होतं?”

“नाही.”

“स्वतः वाचलं होतं?”

मी चष्मा काढला. तीन वर्षं तिने हवेचे नमुने गोळा केले होते. दवाखान्यांचे कागद जमवले, दोन डॉक्टर साक्षीला तयार केले. हे सगळं तिने चढ्या आवाजात नाही सांगितलं. फक्त प्रती गोळा करताना म्हणाली, “त्यांच्याकडे पंधरा वकील आहेत, काका. त्यांना जे जमलं नाही ते तुम्ही एकट्याने दोन दिवसांत केलंत.”

ती गेल्यावर बद्रिया बराच वेळ स्वयंपाकघरात उभी होती. काही शिजत नव्हतं.

२० जून

उम्म फलाहकडे गेलो. माझ्या आधीच बातमी पोचली होती. मनाल उठून आत गेली. पंखा चालू होता. त्याखाली पोरगी झोपली होती.

मी काय बोललो ते आठवत नाही. मला फसवलं, मला माहीत नव्हतं, असंच काहीतरी. ती ऐकत होती. मग म्हणाली, “मी विचारलं होतं. तू नाही म्हणालास.”

आजवर तिने मला कधी एकेरी हाक मारली नव्हती.

मी म्हटलं, शिव्या द्या. ती म्हणाली, “शिव्या त्याला देतात ज्याच्यावर राग येतो. कंपनीवर येतो मला राग. तिचा धंदाच आहे. तू तर माझ्या पोराला खांदा दिलास.” पंख्याकडे बघून ती म्हणाली, “दोन पॅनेलं. माझ्या फलाहची किंमत दोन पॅनेलं आणि एक पंखा, आणि ती मी माझ्या अंगठ्याने मान्य केली. हे मला रोज त्या पंख्याखाली बसून बघायचंय. काढूनही टाकता येत नाही. पोरगी झोपते.”

मी निघालो तेव्हा ती पोरीवरची माशी हाकत होती.

४ जुलै

उस्ताद मुहन्नद फोन घेत नाहीत. आज थेट फाटकावर गेलो. जिथे एकतीस वर्षं नुसता हात वर केला की आत सोडायचे, तिथे ओळखपत्र मागितलं. तासभर उन्हात उभा राहिलो. त्यांची गाडी फाटकातून बाहेर पडत होती, त्यांनी काच खाली केली. मी म्हटलं, तुम्ही मला भोकं आणि तडे सांगितलेत.

त्यांनी काळा चष्मा काढला. आवाज तसाच अदबीचा. “अबू राअद, तुम्हाला वीज हवी होती, मिळाली. कुणी जबरदस्ती केली? एकतीस वर्षं तुम्ही इथे सह्या केल्यात. कंपनीचे कागद कसे असतात, हे मी तुम्हाला सांगायचं?”

काच वर गेली. मला राग यायला हवा होता. पण तो खरं बोलत होता, आणि राग मधेच कुठेतरी अडकला.

१७ जुलै

इंतिसारने शहरात बोलावलं. एक वाट आहे म्हणाली. साक्षीदाराने शपथेवर सांगायचं की मजकूर वाचून दाखवलाच नाही आणि विचारल्यावर खोटं सांगितलं. मग ते अंगठे रद्द होऊ शकतात. पण खोट्या साक्षांकनाचा गुन्हा माझ्यावर लागेल. पेन्शन जाईल, तुरुंगही लागू शकतो. “मी तुम्हाला आग्रह करणार नाही,” ती म्हणाली. आग्रह केला असता तर बरं झालं असतं.

बद्रियाला सांगितलं. तिने विचारलं, “खरं काय आहे?” मी म्हटलं, तिने सांगितलं तसंच. “मग विचार कसला करताय?”

३ ऑगस्ट

आज एकावन्न अंश. दुपारी अंगणात पावलं वाजली. जब्बार, न्हावी, आणखी अकरा-बारा जण. सगळे यादीतल्या घरांचे. मी समजलो शिव्या द्यायला आलेत, आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं. दीड महिना कुणी सलामसुद्धा घेत नव्हतं.

शिव्या दिल्या नाहीत. जब्बार मान खाली घालून बोलला. कंपनीचा माणूस गावात येऊन गेला. कागद रद्द झाले तर वस्तूही परत न्याव्या लागतील, असं त्याने घरोघरी सांगितलं. “अबू राअद, खटला गेला तो गेला. मेलेली माणसं कोर्ट परत देणार नाही. माझी आई त्या पंख्याखाली बसून श्वास घेते. तू साक्ष देऊ नकोस.”

मी म्हटलं, कागद खोटा आहे, जब्बार.

तो म्हणाला, “कागद खोटा आहे. पंखा खरा आहे.”

मी आधी त्यांना न विचारता एक गोष्ट गळ्यात मारली. आता विचारलं तर ते तीच मागतायत. त्यांनी पाणीही घेतलं नाही. दारात जब्बार वळून म्हणाला, “एकदा तुझं ऐकलं. आता एकदा आमचं ऐक.”

उम्म फलाह त्यांच्यात नव्हती.

९ ऑगस्ट

साक्ष दिली.

कंपनीचा वकील म्हातारा, सौम्य. त्याने आधी माझी नोंदवही पुढे केली. पाच महिन्यांच्या नोंदी, अक्षर माझं. त्याने मोजून आणलं होतं, त्रेसष्ट दिवशी आकडा उतरला होता आणि त्रेसष्ट वेळा कारण ‘धूळ’. काजळी एकदाही नाही. “तुम्ही तज्ज्ञ आहात. या गावच्या हवेत काजळी असती तर तुम्ही लिहिलं नसतंत?” मी म्हटलं, मी खोटं लिहिलं. तो म्हणाला, “म्हणजे वहीत खोटं लिहिलंत, कागदावर खोटी सही केलीत, शेजारणीशी खोटं बोललात. आणि आज खरं बोलताय.” न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं. इंतिसारने टेबलाकडे.

मी तरी म्हटलं, “होय, आज खरं बोलतोय.” माझ्याच कानाला ते फार लेचंपेचं वाटलं.

उम्म फलाहला विचारलं तेव्हा ती चार वाक्यं बोलली. “मी विचारलं. तो नाही म्हणाला. मी अंगठा केला. कारण पोरगी लहान आहे.” बस.

२८ ऑगस्ट

निकाल. पंधरा घरांनी लेखी दिलं होतं की मजकूर आम्हाला समजला होता. त्यांचे कागद कायम. उम्म फलाहचा रद्द. तिचा एकटीचा खटला पुन्हा उभा राहील. माझं प्रकरण वेगळ्या चौकशीला पाठवलंय. पेन्शन आजपासून थांबली. पॅनेलांच्या देखरेखीतूनही काढलं. आता फडकं घेऊन कोण चढतं, ठाऊक नाही. सबीहाने निरोप पाठवला की फ्रीज चालू आहे. तेवढंच.

५ सप्टेंबर

उम्म फलाहची पॅनेलं न्यायला दोन माणसं आली. मीही तिथे गेलो. त्यांच्यातला एक चुकीचा पाना लावून नट झिजवत होता. मी वर चढलो आणि दोन्ही पॅनेलं मीच सोडवली. कुणी अडवलं नाही. खाली आलो तर उम्म फलाह बॅटरी आणि पंखा स्वतः दारात आणून ठेवत होती. त्या माणसांना तिने पाणी दिलं. मला दिलं नाही.

शेजारच्या पंधरा घरांतले पंखे फिरत होते, त्यांचा आवाज गल्लीत येत होता. कुणी बाहेर आलं नाही. ज्यांच्या बाजूने ती लढली तेच आता म्हणतात, तिच्यामुळे आमचीही जातील. मनालने पोरीला उचललं आणि दवाखान्यात नेलं. तिथे बाकावर रोज दुपारी झोपवते. सबीहा काही म्हणत नाही.

बद्रिया दही-काकडी घेऊन उम्म फलाहकडे गेली. एकटीच गेली.

१३ नोव्हेंबर

आज दुपारी उम्म फलाह आमच्या अंगणात आली. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. मी खजुराच्या फांद्या तासत होतो. बसा म्हटलं, ती बसली नाही. उद्या तिची तारीख आहे. साक्षीदार म्हणून डॉक्टर येणार आहेत. पण चिमण्या कशा जळतात, केव्हा काळ्या जळतात, खाली आणता येतात की नाही, हे सांगणारं कुणी नाही. कंपनीतला एकही माणूस तयार नाही. इंतिसारने तिला सांगितलं की असा एकच माणूस आहे, पण त्याला बोलवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

तिने ठरवायला अकरा दिवस घेतले. हेही तिनेच सांगितलं.

“ते तुला खोटारडा म्हणतील.”

“म्हणतील.”

“फलाहच्या मयताच्या दिवशी पाळीवर कोण होतं, ते विचारतील.”

तिला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत असणार. मी मान हलवली.

ती दाराकडे वळली. चौकटीला हात लावून पाठमोरीच म्हणाली, “गाडी सहाला येईल. मागं बस. रस्ताभर माझ्याशी बोलू नकोस.”

मी हो म्हटलं. संध्याकाळी सरकारी वीज तासभर आली, तेवढ्यात बद्रियाने माझ्या शर्टाला इस्त्री करून घेतली.